स्फूर्तीचे माहेर

‘माझा आवडता कलावंत’ हा निबंधाचा विषय दर एक-दोन वर्षांनी कोणत्या तरी इयत्तेच्या प्रश्नपत्रिकेत येतोच. त्या उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट आम्हांस हटकून आढळते. मुलांचा आवडता कलावंत नेहमी दूरचा असतो. कोणी राजा रविवर्म्यावर लिहितो, कोणी इटलीतल्या लिओनार्दोवर. निबंधाचा शेवटही बहुधा ठरलेला असतो : ‘अशा थोर पुरुषांना स्फूर्तीची ईश्वरी देणगी लाभलेली असते.’ वाक्य शुद्ध असते, म्हणून आम्ही त्यास गुणही देतो. परंतु ज्या चित्रशाळेच्या दारावरून ही मुले रोज शाळेस येतात, तेथे ओल्या मातीत हात घालून बसलेल्या माणसाचा उल्लेख एकाही उत्तरपत्रिकेत नसतो. तो कलावंत आहे, हेच मुळी कोणाच्या ध्यानात येत नाही.

हा दोष केवळ मुलांचा नाही. शिकवणाऱ्या आमचाही आहे. म्हणून यंदा आम्ही एक बेत केला. नववीच्या वर्गातील दहा-बारा मुलामुलींना बरोबर घेऊन आमच्या पेडणे तालुक्यातील व आसपासच्या कलावंतांच्या दारी जायचे, त्यांचे काम पाहायचे आणि त्यांनाच विचारायचे, की हे तुम्ही कसे करता आणि तुम्हांला स्फूर्ती कोठून मिळते. मुलांनी आपापल्या वह्यांत प्रश्न सुवाच्य अक्षरांत लिहून घेतले. पहिला प्रश्न अर्थातच स्फूर्तीचा होता. त्या पहिल्या प्रश्नाचे पुढे काय झाले, हेच या लेखात सांगावयाचे आहे.

चवथीस अद्याप महिना-सव्वा महिना अवकाश होता. पाऊस कौलांवर ताशे वाजवीत होता. चित्रशाळा म्हणजे एका जुन्या घराची लांबलचक पडवी. भिंतीशी ओळीने गणपतीच्या मूर्ती मांडलेल्या. कोणास हात नाहीत, कोणास सोंड नाही, कोणाचे नुसतेच पोट तयार झालेले. प्रत्येक मूर्तीखाली एक लाकडी पाट आणि पाटावर खडूने लिहिलेले घराण्याचे नाव. आमच्या भागात घरचा पाट आधीच चित्रशाळेत नेऊन द्यायचा आणि मूर्तिकाराने त्या पाटावरच मूर्ती घडवायची, अशी जुनी रीत आहे. चवथीच्या आदल्या दिवशी किंवा त्या दिवशी सकाळी घरची माणसे येतात आणि तोच पाट मूर्तीसह वाजतगाजत घरी नेतात.

मूर्तिकार सत्तरीकडे झुकलेले. मुलांपैकी एकाने वही उघडून विचारले, “काका, तुम्हांला स्फूर्ती कोठून मिळते?” काकांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले, जणू मूल काही अवघड आजाराचे नाव सांगत आहे. मग आपल्या कोकणीत म्हणाले, “स्फूर्त मागीर रे बाबा, आदीं माती मेळूंक जाय!” स्फूर्तीचे नंतर पाहू, आधी माती मिळाली पाहिजे. मुले खो-खो हसली. मूर्तिकार मात्र हसले नाहीत. त्यांनी अगदी खरे तेच सांगितले होते, हे आम्हांस पुढे तासाभराने कळले.

तो तासभर ते मातीविषयी बोलत राहिले. चिकणमाती वाळवून कुटावी लागते, चाळून तिच्यातले खडे नि मुळ्या काढाव्या लागतात, मग भिजवून ती मळावी लागते. किती मळायची? तर हाताला चिकटेनाशी होईपर्यंत. मळतानाच तिच्यात थोडा पिंजलेला कापूस घालतात. कापसाचे तंतू मातीस आतून धरून ठेवतात, त्यामुळे सुकताना ती सहसा भंगत नाही. घराच्या भिंतीच्या मातीत आपले आजोबा गवताचा भुसा घालीत असत, त्यातलाच हा प्रकार.

मूर्ती खालून वर चढते. प्रथम बैठक आणि पोट. ते जरा घट्ट झाले की छाती व मस्तक. त्यानंतर हात आणि सोंड. खालचा भाग ओला असताना वरचा भार घातला, तर गणपती बसतो तो खराच बसतो! म्हणून एका मूर्तीचे पोट सुकेपर्यंत मूर्तिकार दुसरा पाट पुढे ओढतो. पडवीतल्या साऱ्या मूर्ती एकाच वेळी अर्ध्यामुर्ध्या का, याचे उत्तर मुलांना न विचारताच मिळाले.

सगळ्यांत कठीण काम सुकवण्याचे. आणि ते करायचे कोठे? तर आषाढ-श्रावणात, हवाच ओली असताना. आमच्या एका विद्यार्थ्याने तेथून मागून आणलेल्या मातीचा उंदीर केला आणि लवकर वाळावा म्हणून घरी चुलीजवळ ठेवला. सकाळी उंदराचे दोन तुकडे झालेले. तो हिरमुसला होऊन ते तुकडे कागदात बांधून काकांकडे घेऊन गेला. काकांनी त्यास जे समजावले, ते शास्त्राच्या तासाला सांगण्याजोगे आहे. मातीतले पाणी निघून गेले की तिचे कण जवळ येतात आणि माती आकसते. चुलीच्या धगीने बाहेरचा थर आधी आकसतो, आतला गाभा मात्र ओला व फुगलेलाच असतो. बाहेरच्या आवळणाऱ्या कातडीस आतला गाभा जागा देत नाही, मग कातडी फाटते. म्हणून मूर्ती सावलीतच, सावकाश सुकवायची. आतून बाहेरून तिला सारख्या चालीने सुकू द्यायची. रंगाचेही तसेच. आत ओल राहिली असता रंग दिला, तर काही दिवसांत त्याचे पापुद्रे सुटतात. “घाई केली की माती चुगली करते,” असे काका म्हणाले. त्या मुलाने ते वाक्य वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

आता वाचक विचारील, की यात कला कोठे आली? हाच प्रश्न आमच्या एका विद्यार्थिनीनेही विचारला. कारण काकांनी सांगितले होते, की प्रत्येक घराण्याची मूर्ती परंपरेने ठरलेली असते. अमक्या घरचा गणपती एवढ्याच उंचीचा, तमक्याचा पीतांबर तांबडाच, आणखी कोणाचा उंदीर उजव्याच बाजूस. “मग काका, तुमचे स्वतःचे असे त्यात काय?” मुलगी धीट होती. काकांनी एका पाटावरचे नाव बोटाने दाखवले. पाट पाहिला की त्या घरची माणसे डोळ्यांपुढे येतात, असे ते म्हणाले. कोणाच्या घरी म्हातारी अंथरुणाला खिळलेली आहे, कोणाचा मुलगा आखातात नोकरीस असून चवथीला तेवढा घरी येतो, कोणाकडे यंदा नवी सून आली आहे. “मी जो डोळा आखतो, त्याच्यापुढे ही माणसे दीड दिवस, पाच दिवस बसणार. तो डोळा त्यांच्याकडे बघतोय असे त्यांना वाटले पाहिजे.” डोळे म्हणूनच सर्वांत शेवटी आखायचे. त्या दिवशी कोणाशी फार बोलायचे नाही.

मुलांच्या वहीत स्फूर्तीचा प्रश्न अद्याप कोराच होता. पण उत्तर मिळाले होते, हे त्या धीट मुलीच्या ध्यानात आले. तिने विचारले होते ‘कसे’ आणि मिळाले होते ‘का’.

निघताना आणखी एकाने विचारले, की एवढ्या कष्टाने केलेली मूर्ती पाण्यात जाते याचे वाईट वाटत नाही काय? काकांनी सहज उत्तर दिले, “पाट परत येतो ना!” भाजलेली नसलेली माती पाण्यात विरघळून पुन्हा माती होते आणि रिकामा पाट पुढल्या वर्षी पुन्हा चित्रशाळेची पायरी चढतो. प्लास्टर ऑफ पॅरिसचे तसे नाही. जिप्सम नावाचा खनिज पदार्थ तापवून त्यातले बरेचसे पाणी उडवले की ते प्लास्टर तयार होते. पाणी मिळताच ते काही मिनिटांत पुन्हा दगडासारखे घट्ट होते आणि मग पाण्यात लवकर विरत नाही. साच्यातून भराभर मूर्ती काढण्यास ते सोयीचे, नदीस मात्र जाचक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा मूर्तींना मनाई केली आहे आणि गोव्यात मातीच्या मूर्ती करणाऱ्यांस शासन अनुदानही देते. हे योग्यच झाले. परंतु अनुदान मातीला मिळते. पाटावरचे नाव वाचून डोळा आखणारा हात अनुदानाने तयार होत नाही. काकांचे दोन्ही मुलगे दुसऱ्या उद्योगात आहेत. श्रावणात संध्याकाळी येऊन ते मदत करतात, एवढेच.

दुसरी फेरी आम्ही समुद्राच्या बाजूस काढली. मोरजी गावच्या मोरजाईच्या देवळात ‘कावी’ नावाच्या भित्तिचित्रांची परंपरा आहे, ती मुलांस दाखवावयाची होती. काव म्हणजे आपल्या कोकणची तांबडी माती. तिच्यापासून केलेल्या तांबड्या व पांढऱ्या अशा दोनच रंगांच्या नक्षीने एके काळी सावंतवाडी-मालवणापासून गोव्यातून खाली कारवार, अंकोला, कुमठ्यापर्यंतची देवळे, मठ आणि जुनी घरे सजलेली असत. कमळे, वेली, मोर, हत्ती, द्वारपाल, रामायणातले प्रसंग, आणि भूमितीच्या आकृत्या तर अगणित. होन्नावर येथे जन्मलेले शास्त्रज्ञ व छायाचित्रकार डॉ. कृष्णानंद कामत (१९३४–२००२) यांनी गावोगाव हिंडून या कलेची छायाचित्रे घेतली आणि तिच्यावर लेखन केले. त्यामुळे ती पुष्कळांना नव्याने ठाऊक झाली.

आम्ही बरोबर एका वृद्ध गवंड्यांस घेतले होते. त्यांचे वडील चुन्याचे काम करणारे. लहानपणी वडिलांच्या हाताखाली हे स्वतः चुना मळायला बसत. स्फूर्तीचा प्रश्न मुलांनी या वेळी मागे ठेवला. ‘हे कसे करीत?’ असेच त्यांनी विचारले, आणि म्हातारबाबांचा चेहरा उजळला.

समुद्रातले शिंपले गोळा करून भट्टीत भाजायचे, की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी घालून तो विरवायचा. त्यात धुतलेली बारीक वाळू आणि गुळाचे पाणी घालून काही आठवडे मुरवत ठेवायचे, मग कुटून मळून लोण्यासारखा मऊ करायचा. या चुन्याचा गिलावा भिंतीवर चढवला, की त्यावर कावेची तांबडी पूड मिसळलेल्या चुन्याचा एक पातळ थर द्यायचा आणि तो घोटून गुळगुळीत करायचा. आता भिंत सगळी तांबडी झाली. मग लोखंडी टोच्याने, पट्टीने आणि कंपासाने तिच्यावर आकृती आखायची आणि नको तेवढा तांबडा थर खरवडून काढायचा. खालचा पांढरा चुना उघडा पडतो आणि चित्र दिसू लागते. ध्यानात घ्या, चित्रकार रंग लावून चित्र काढतो. कावीचा कारागीर रंग काढून चित्र करतो. इटलीतही अशीच ओरखडून चित्रे काढण्याची पद्धत आहे, तिला ‘स्ग्राफितो’ म्हणतात.

यातली खरी अडचण वेळेची. भिंत ओली आहे तोवरच खरवडता येते. एकदा ती घट्ट झाली की चूक दुरुस्त करायला वाव नाही. म्हणून एका दिवसात पुरे होईल तेवढ्याच भागावर तांबडा थर द्यायचा. “चुना थांबत नाही,” म्हातारबाबा म्हणाले. “बाबांचे जेवण तसेच राहायचे. आई ताट झाकून ठेवायची.”

आणि एवढ्या पावसात ही चित्रे टिकतात कशी? याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो भाजला की त्यातला कार्बन डायॉक्साइड वायू निघून जातो. पाणी घालून विरवलेला चुना भिंतीवर चढला, की तो हवेतला तोच वायू हळूहळू पुन्हा शोषून घेतो आणि परत कॅल्शियम कार्बोनेट होतो. म्हणजे समुद्रातला शिंपला भट्टीतून, घाणीतून, गवंड्याच्या हातातून जाऊन भिंतीवर पुन्हा शिंपल्याच्याच पदार्थाचा होतो! तांबडी काव त्या कठीण कवचातच अडकून बसते. शिवाय तिचा रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्या जातीचा. उन्हाने तो विटत नाही आणि चुन्याच्या क्षाराने बिघडत नाही. हे सूत्र त्या जुन्या कारागिरांनी फळ्यावर कधी लिहिले नव्हते. त्यांनी ते भिंतीवर लिहिले.

परत येताना म्हातारबाबा गप्प होते. मग आपणहून सांगू लागले. दुसऱ्या एका गावच्या देवळात त्यांच्या वडिलांनी काढलेला एक मोर होता. देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा जुना गिलावा फोडून तेथे चकचकीत लाद्या बसवल्या. काम करणारी माणसे बाहेरगावची. कमिटीच्या मंडळींचाही हेतू चांगलाच होता, देवाचे घर नवे दिसावे एवढाच. “मी तेथेच पायरीवर बसलो होतो,” ते म्हणाले. “तो मोर कोणाचा, हे कोणी विचारले असते तर सांगितले असते.”

हे वाक्य ऐकून आम्ही शिक्षक मंडळीही खाली मान घालून चालू लागलो. कला मोडणारे लोक दुष्ट असतात, असे मुलांना वाटत असते. प्रत्यक्षात ती पुष्कळदा चांगल्या हेतूच्या हातांनीच मोडते. फक्त त्याआधी कोणी प्रश्न विचारलेला नसतो.

विचारल्याने काय होते, याचे उदाहरण आमच्या शेजारीच आहे. पेडणे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेला; त्यापूर्वी तो सावंतवाडीच्या भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्यामुळे सावंतवाडी आम्हांस परकी नाही. तेथील राजवाड्यात आजही गंजिफा रंगवताना पाहायला मिळते, म्हणून तिसरी फेरी आम्ही तिकडे नेली.

गंजिफा म्हणजे खेळण्याचे गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत मत्स्य, कूर्म, वराह असे दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, अशी बारा पाने. म्हणजे एकूण १२० पाने. प्रत्येक पान हाताने रंगवलेले. छापील पत्ते स्वस्तात मिळू लागले तसा हा खेळ मागे पडला आणि खेळ मागे पडला तशी कलाही. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी सावंतवाडीचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी तिच्याकडे लक्ष दिले, तेव्हा ती जाणणारे हात फार थोडे, तेही थकलेले उरले होते. चितारी घराण्यातील एका वृद्ध कलावंताकडून राजा-राणी स्वतः ही कला शिकले आणि मग राजवाड्यातच तरुणांना शिकवण्याची सोय केली. सिंहासनावर बसणाऱ्या माणसाने कारागिरासमोर मांडी घालून ‘हे कसे करता?’ असे विचारले, म्हणून ती धागादोरी तुटली नाही. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफेस भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्या मुलांनी तेथे पाहिले, की तळहाताएवढ्या गोलात राजाचा घोडा, छत्र आणि सेवक बसवताना रंगवणारीचा श्वाससुद्धा बेताने चाललेला होता.

यावर कोणी म्हणेल, की हे झाले कारागिरांचे. ज्यांचे नाव जगात झाले, त्या चित्रकारांची स्फूर्ती निराळी असणार. म्हणून परत आल्यावर आम्ही मुलांस वर्गात गोव्याच्या तीन नामवंतांची माहिती सांगितली. त्यांची स्फूर्तीही फार दूरची नव्हती, हे पाहून मुलांना नवल वाटले.

मारियो मिरांडा यांचा जन्म १९२६ मध्ये दमण येथे झाला आणि बालपण लोटली गावच्या वडिलोपार्जित घरात गेले. लहानपणी ते घराच्या भिंतीवर चित्रे काढीत. आईने त्यांना शिक्षा करण्याऐवजी एक कोरी वही आणून दिली. त्या वहीत, आणि पुढे वर्षानुवर्षे ठेवलेल्या रोजनिशींत, त्यांनी गावचे पाद्री, लग्ने, फेस्ते, शेजारीपाजारी, कुत्री-मांजरे सारे काही चितारले. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. शेजार हीच त्यांची शाळा. मुंबईच्या कुलाब्यातील कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर त्यांची चित्रे आजही पाहावयास मिळतात. २०११ मध्ये ते निवर्तले. २०१२ मध्ये त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. भिंतीवर रेघोट्या ओढणाऱ्या मुलास रागे भरण्यापूर्वी मातापित्यांनी त्या वहीची आठवण ठेवावी.

त्याच १९२६ साली मडगावात लक्ष्मण पै जन्मले. मामांच्या फोटो-स्टुडिओत छायाचित्रांवर हात फिरवण्याचे काम करताना त्यांची नजर तयार झाली. पुढे ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकले, अनेक वर्षे पॅरिसला राहिले, गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि २०१८ मध्ये पद्मभूषण झाले. त्यांच्या एका गाजलेल्या चित्रमालिकेचा विषय होता आपले राग. कानांनी ऐकलेले त्यांनी रेषेत आणि रंगात उतरवले. एवढे जग पाहूनही विषय मात्र घरचाच. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

तिसरे आंजेलो द फोन्सेका. १९०२ मध्ये सांत इस्तेव्ह बेटावर त्यांचा जन्म झाला. वैद्यकीचे शिक्षण सोडून त्यांनी चित्रकलेची वाट धरली आणि शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्यापाशी ते शिकले. तोवर येथील चर्चमधल्या चित्रांत मेरीमाता युरोपातल्या स्त्रीच्या रूपात दिसे. फोन्सेकांनी तिला साडी नेसवली आणि आपल्याकडच्या आयाबायांचा सावळा, शांत चेहरा दिला. त्या काळी हे अनेकांना रुचले नाही. ते पुण्यास जाऊन राहिले आणि १९६७ मध्ये तेथेच वारले. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपून ठेवलेला आहे. ज्या गोष्टीसाठी त्यांस बोल लागला, तीच आज आपण कौतुकाने पाहतो. आपल्या आईसारखी दिसणारी देवमाता रंगवणे, याहून जवळची स्फूर्ती ती कोणती?

आता या साऱ्याचा मेळ घालू. मूर्तिकारकाकांना पाट पाहून माणसे आठवतात. गवंड्यांच्या वडिलांना ओला चुना थांबू देत नसे. मारियोंस शेजारी पुरले, पैंना कानावर पडलेले राग पुरले, फोन्सेकांना भोवतालच्या आयाबाया पुरल्या. यांपैकी कोणीही स्फूर्तीची वाट पाहत आढ्याकडे डोळे लावून बसले नाही. हाताशी असलेला पदार्थ, जवळची माणसे आणि समोर येऊन उभे राहिलेले काम, हेच स्फूर्तीचे माहेर. ती तेथे राहते. बाहेरून कामास हात लागला की दार उघडते. ईश्वरी देणगी असेल तर ती ही, की माणसास जवळचे नीट दिसावे.

म्हणून विद्यार्थीमित्रहो, तुम्ही आपल्या गावच्या कलावंताकडे जाल तेव्हा आमच्या अनुभवाचा थोडा फायदा घ्या. माठ घडवणारा कुंभार, समईवर ठोके देणारा कासार, चवथीची माटोळी बांधणारे तुमचे स्वतःचे मामा, वेताच्या टोपल्या विणणारी आजी, कोणीही असो. प्रथम विचारा, हे कशाचे करता? मग विचारा, आधी काय आणि नंतर काय? बिघडते कोठे? बिघडले की काय करता? कोणाकडून शिकलात? कोणासाठी करता? एवढे विचारून झाले, की स्फूर्तीचा प्रश्न बहुधा विचारावाच लागणार नाही. आणि ऐकाल ते त्याच संध्याकाळी तारीख घालून लिहून ठेवा. तुमची चाळीस पानी वही हा आपल्या गावच्या कलेचा एकमेव लेखी पुरावा ठरण्याचा संभव आहे. ही अतिशयोक्ती नव्हे.

शेवटी एक बातमी. त्या धीट मुलीस गवंडीबाबांचा मोर काही केल्या विसरता येईना. ती दोन रविवार वही आणि तांबडी पेन्सिल घेऊन त्यांच्या घरी गेली. त्यांनी सांगावे आणि तिने काढावे. पिसारा पहिल्याच दिवशी जमला. मान मात्र जमेना. म्हातारबाबा प्रत्येक वेळी नुसतीच मान हलवीत. अखेर त्यांनी तिचा हात धरून हवेत एक बाक काढून दाखवला; त्यांच्या वडिलांनी कधी काळी त्यांचा हात धरून दाखवला होता तसाच. तो मोर या अंकात मुद्दाम छापला आहे. देवळाच्या भिंतीवरचा गेला तो गेलाच. पण तो कोणाचा, हे आता कोणीही विचारावे. आमच्या शाळेत सांगणारे आहेत.